मुंबईत जादूचे शो सुरू करायचेत? सामान घ्यायच्या आधी हे वाचा

दर मे महिन्यात कोणी ना कोणी मला विचारतंच की दादा जादू शिकलोय थोडीफार, आता शो करायचेत, तर काय काय घेऊ. "काय बोलू", "कुठून सुरुवात करू" असं कोणी विचारत नाही, सगळ्यांना यादी हवी असते. यादी खाली दिलीय, पण ती दुसऱ्या नंबरवर आहे आणि ते मुद्दाम आहे. मी वाढदिवस, सोसायट्या, शाळेची गॅदरिंग, गणपती, कधीमधी कंपनीचा फॅमिली डे असले शो करतो, त्यामुळे सगळं त्याच लेव्हलचं आहे. स्टेजवर बाईचे दोन तुकडे करायचे असतील तर त्याचं गणित वेगळं, त्याला टेम्पो लागतो.

१. आधी तीन आयटम पक्के करा, बोलण्यासकट

इन्स्टावर जे बघता त्यातलं निम्मं कॅमेऱ्यासाठी असतं. समोर एकच डोळा, तोही तुम्ही ठेवाल तिथे. सोसायटीच्या हॉलमध्ये डावीकडे आजोबा, उजवीकडे केटररचा पोरगा आणि मागे खिडकीला लटकलेली चार मुलं असतात. तर रील बघून ऑर्डर करू नका, हा पहिला नियम.

सुरुवातीला तीनच आयटम घ्या. पहिला अर्ध्या मिनिटात संपणारा, ज्यात न बोलताही काहीतरी दिसतं, रंग बदलतो किंवा हातात काहीतरी येतं. दुसरा असा की ज्यात एखाद्या मुलाला पुढे बोलावता येईल. तिसरा शेवटचा, मोठा दिसणारा, मागच्या रांगेतून कळणारा. हे तिन्ही मिळून दहा-बारा मिनिटं होतात. ही दहा मिनिटं झोपेतून उठवलं तरी करता यायला हवीत. त्यानंतर चौथा.

आणि बोलणं लिहून काढा, अक्षरशः वहीत. "आता मी रुमाल घेतो, रुमाल रिकामा आहे, आता मी रुमाल इथे ठेवतो" ही कॉमेंट्री झाली, लोकांना ते दिसतंच आहे. बोलण्यात गोष्ट पाहिजे. उदाहरण देतो. लोट्याची जादू तुम्ही बघितली असेल, लोटा उपडा करून रिकामा करायचा, बाजूला ठेवायचा, दुसरी जादू करायची, परत लोटा उचलला की परत पाणी. जुनी आहे, पी. सी. सरकारांच्या शोमध्ये ती "वॉटर ऑफ इंडिया" म्हणून असायची. आता ही मुंबईत करायची तर गोष्ट आयती हातात आहे. मी म्हणतो, "आमच्याकडे बीएमसीचं पाणी सकाळी साडेपाचला येतं, सहाला जातं, आईने सांगितलंय एवढं भरून ठेव" आणि ओततो, लोटा उलटा करून शेवटचा थेंबपण झटकून दाखवतो. दहा मिनिटांनी परत उचलायचा, "अरे! वरच्या मजल्यावाल्यांनी मोटर लावली वाटतं." तिसऱ्यांदा सरळ पुढच्या रांगेत बघून, "सेक्रेटरी काका, टँकर कोणी मागवला?" सेक्रेटरी पुढच्या रांगेत असतोच. मुलांना पाणी आलं म्हणून हसू येतं आणि मोठ्यांना सेक्रेटरीचं तोंड बघून. चौथ्या वेळी तुम्ही लोट्याकडे नुसता हात नेला तरी हॉल ओरडतो, तेव्हा थोडं थांबा, लगेच ओतू नका.

(पाणी पारदर्शक जगमध्ये ओता, बादलीत ओतलं तर मागच्यांना दिसत नाही. आणि फरशीवर सांडू देऊ नका, मुलं धावत येतात आणि घसरतात.)

मुंबईत बोलणं तीन भाषांत तयार ठेवावं लागतं. दादर-गिरगाव-डोंबिवलीला मराठी बिनधास्त, बाकी बऱ्याच टॉवरमध्ये निम्मी मुलं हिंदी-इंग्लिशवाली, घाटकोपर-मुलुंडला आजी-आजोबा गुजराती. पूर्ण भाषांतर करायची गरज नसते, जोकची शेवटची लाईन तेवढी तिन्हीत पाठ पाहिजे.

२. सामान: काय आणि कुठून

सुरुवातीची बॅग थोडक्या पैशांत बसते. बसलीच पाहिजे.

- पत्त्यांचे दोन कॅट. बायसिकलचे चांगले, ऑनलाईन मिळतात. प्लास्टिकचे पत्ते नकोत, हातात पंखा उघडताना गुच्छ होतात.
- सुती दोर, साधारण पाच मीटर. नवीन दोर कडक असतो, आतला गाभा ओढून काढला की मऊ पडतो. कापलेल्या टोकांना फेव्हिकॉल लावा म्हणजे उसवत नाही.
- रुमाल, अठरा इंची, निदान सहा, भडक रंगांचे.
- स्पंज बॉल, चार.
- चेंज बॅग (आत टाकलेली वस्तू बदलते ती पिशवी) किंवा एग बॅग (अंडं गायब होऊन परत येतं ती), दोन्ही नकोत, एकच.
- लोटा, वर सांगितला तो.
- रिंगा, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या. आठ नकोत, चार पुरतात.
- फोल्डिंग टेबल आणि त्यावर जमिनीपर्यंत येणारं काळं कापड.
- कात्री, सेफ्टी पिना, सेलोटेप, काळा मार्कर, जास्तीचे सेल. हे सगळ्यात जास्त लागतं आणि सगळ्यात आधी विसरतं.

चेंज बॅग, लोटा, रिंगा या जादूच्याच वस्तू आहेत, त्या जादूचं सामान विकणाऱ्याकडूनच घ्या. बाकी बरंचसं क्रॉफर्ड मार्केटच्या आजूबाजूला मिळतं. अब्दुल रहमान स्ट्रीटला खेळणी, स्टेशनरी, गिफ्टचं सामान. कापडाला मंगलदास मार्केट. रुमालाचं कापड घेताना शिफॉन, सॅटिन दाखवतील, चमकतं छान पण मुठीत मावत नाही. तुम्हाला पातळ खरं सिल्क पाहिजे. टेस्ट सोपी आहे, कापड मुठीत पूर्ण कोंबा आणि मूठ उघडा, आपोआप फुलून वर आलं तर घ्या, गोळा होऊन बसलं तर सोडा. नंतर कडा शिवायला पिको-फॉलवाल्याकडे देतात सगळे, पण पिकोने कड जाड होते आणि रुमाल कडेने उभा राहतो. हाताने बारीक दुमडून शिवून घ्या, पैसे थोडे जास्त जातात.

लेस, जर, चमकी, खोटे दागिने भुलेश्वरला. लाईट-बिईट लोहार चाळीत. जुनी ट्रंक, पितळी भांडी, असला "जादूगाराच्या आजोबांचा" माल चोरबाजारात मिळतो, शुक्रवारी दुकानं बंद असतात हे लक्षात ठेवा (त्या दिवशी रस्त्यावर जुन्या सामानाचा बाजार भरतो तो वेगळा). मुगुट-झगा विकत घेऊ नका, ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणून एकदा करून बघा. माझं मत विचाराल तर झगा नकोच, मुंबईच्या ऑक्टोबरमध्ये एसी नसलेल्या हॉलमध्ये दहाव्या मिनिटाला घामाच्या धारा लागतात. साधा रंगीत कुर्ता किंवा जॅकेट, खिसे मात्र शिंप्याला सांगून खोल करून घ्या.

३. एक करून बघा: स्ट्रॉ आणि दोरा

ही लहान मुलांच्या पुस्तकातपण असते म्हणून उघड सांगतोय, बाकीच्यांची गुपितं इथे विचारू नका.

प्लास्टिकच्या स्ट्रॉ १ जुलै २०२२ पासून बंद आहेत, त्यामुळे कागदी घ्या, जाडी मिळाली तर बरं. स्ट्रॉच्या मधल्या भागात ब्लेडने एका बाजूला उभी चीर द्या, सात-आठ सेंटीमीटर. वरून दिसत नाही. लाल दोरा, जरा जाडसर, आरपार घाला, दोन्ही टोकं बाहेर लोंबू देत. आता स्ट्रॉ मधोमध दुमडा, चीर आतल्या बाजूला यायला पाहिजे. दुमडता दुमडताच दोन्ही टोकं खाली ओढा, दोरा चिरेतून सुटून खाली येतो आणि तुमच्या बोटांमागे लपतो. वरचा दुमडलेला कोपरा कात्रीने कापा, सगळ्यांना वाटतं दोरापण कापला गेला. दोन्ही तुकडे मुठीत एकत्र धरा, फुंकर मारा, दोरा एका टोकाने ओढा, अख्खा.

आता यात चुकतं कुठे. बरेच जण आधी दुमडतात, मग थांबतात, मग ओढतात. तीन हालचाली दिसल्या की डोकं चालवणारं मूल पकडतं. दुमडणं आणि ओढणं एकच हालचाल पाहिजे, आणि त्याच वेळी तुम्ही कात्री घेऊन उभ्या असलेल्या मुलाशी बोलत असायला पाहिजे, "कात्री धारेची आहे ना? बघ नीट." सगळे कात्रीकडे बघतात. तुम्ही जिकडे बघता तिकडे लोक बघतात, त्यामुळे स्वतः स्ट्रॉकडे टक लावलीत तर संपलं. बाजूला बसलेल्यांना बोटांमागचा दोरा दिसतो, म्हणून गर्दी समोर असेल तरच करा. झाल्यावर तुकडे खिशात, दोरा तपासायला द्या. लोक दोरा घेऊन ताणून बघतात आणि स्ट्रॉ विसरतात.

४. प्रॅक्टिस आरशात कमी, मोबाईलवर जास्त

आरशात बघताना आपण नेमक्या क्षणी डोळे मिचकावतो किंवा नजर फिरवतो, स्वतःलाच फसवतो. मोबाईल खुर्चीवर ठेवून रेकॉर्ड करा, एकदा समोरून, एकदा बाजूने, एकदा खालून (मुलं खाली बसतात!). मग आवाज बंद करून बघा. आवाजाशिवाय जिथे तुमचा हात संशयास्पद वाटतो तिथे काम बाकी आहे.

नाण्यांची हातचलाखी शिकायची तर दहाचं नाणं वापरा, सत्तावीस मिलिमीटरचं आहे, तळव्यात बऱ्यापैकी धरता येतं आणि कोणालाही तपासायला देता येतं. लोकांकडून नाणं मागायच्या भानगडीत पडू नका, यूपीआयमुळे अर्ध्या हॉलकडे सुटे पैसे नसतात, पाच मिनिटं खिसे चाचपण्यात जातात. सोन्याची अंगठी तर अजिबात मागू नका. जादू जमली तरी ती बाई शोभर अंगठीच बघत बसते.

एकच जादू परत करून दाखवा म्हणतील, नाही म्हणा. आणि आधी सांगू नका की आता काय होणार आहे.

५. फोनवरच विचारायचे प्रश्न

सुपारी आली की आनंदात लगेच हो म्हणू नका, हे विचारा:

- मुलं किती, वय काय? तीन वर्षांखालची जास्त असतील तर जादू त्यांच्यासाठी नाही, ती रडतात. संक्रांतीनंतर बोरन्हाणाला बोलावतात तेव्हा बहुतेक हेच होतं, तिथे फुगे आणि रंगीत रुमाल, बाकी काही नाही.
- जागा कुठली, हॉल, पोडियम, पार्किंग का गच्ची? गच्चीवर वारा असतो, रुमाल उडतात, पत्ते उडतात, बारीक धाग्याचं काम विसरा.
- माझ्या मागे काय आहे? भिंत पाहिजे. खिडकी किंवा ट्यूबलाईट मागे असेल तर हात काळे दिसतात आणि बारीकसारीक सगळं उजेडात चमकतं.
- केक किती वाजता? शो केकच्या आधी. जेवण सुरू झालं की मुलं प्लेट घेऊन हिंडतात आणि पालक गप्पा मारतात, तिथे कोणीच जिंकत नाही.
- माईक आहे का, आणि कोणता? हातात धरायचा असेल तर एक हात गेला. स्वतःचा कॉलर माईक घ्या, ही पहिल्या कमाईतली खरेदी.

रविवारचा शो असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक बघा. पाच वाजता ठाण्याला पोचायचंय आणि मेन लाईनवर ब्लॉक आहे हे दादरच्या ब्रिजवर टेबल घेऊन कळणं वाईट.

गणपतीच्या मंडपात शो असेल तर आरतीनंतरचीच वेळ घ्या, आणि स्टेज मूर्तीसमोरच असेल तर चपला काढून करावा लागतो, त्यामुळे बुटात काही लपवायचा विचार असेल तर बदला. लाऊडस्पीकर दहाला बंद होतो (काही ठराविक दिवशी बारापर्यंत सूट असते), आणि मंडळाचे कार्यक्रम कधीच वेळेवर सुरू होत नाहीत, म्हणून वीस मिनिटांचा छोटा शो खिशात ठेवा.

६. समोरची मुलं

चार ते आठ वर्षांच्या मुलांना पस्तीस मिनिटं पुरतात. त्यापुढे ताणलं की मुलं उठून स्टेजवर येतात.

प्रत्येक शोमध्ये एक "मला माहितीये! मला माहितीये!" असतोच. त्याला गप्प करायला गेलात की सगळी मुलं त्याच्या बाजूने. त्याला लगेच पुढे बोलवा, जादूची कांडी धरायचं काम द्या, सांगा तू आजचा असिस्टंट, असिस्टंट गुपित फोडत नाहीत. काम मिळालं की तो बाकीच्यांना गप्प करतो.

ज्याचा वाढदिवस आहे त्याला शेवटच्या मोठ्या आयटमला बोलवा, आधी नको. लाजत असेल तर ओढू नका, त्याच्या आईला घेऊन या. कुठल्याही मुलाला हात लावायच्या आधी विचारा, कानामागून नाणं काढतानाही, आणि खोलीत पालक असल्याशिवाय शो सुरूच करू नका. जाड्या-बारक्यावर, रंगावर, बायकोवर जोक नकोत. हशा पिकतो पण पुढचा फोन येत नाही.

फुग्यांचे प्राणी शिकून घ्या, धंद्याला फार उपयोगी. लांब फुगे मागताना दोनशेसाठ नंबरचे म्हणा, म्हणजे फुगवल्यावर दोन इंच जाड आणि साठ इंच लांब. हातपंप वापरा, तोंडाने फुगवू नका. फुग्यांना लावायची प्लास्टिकची काडीपण आता बंदीतच आहे.

७. कबूतर, आग आणि बुवाबाजी

टोपीतून ससा काढायचाय? खरा नको. जनावरांचे खेळ करायचे तर २००१ च्या नियमांप्रमाणे ॲनिमल वेल्फेअर बोर्डाकडे रजिस्ट्रेशन लागतं, आणि नियम सोडा, कबूतर खिशात घेऊन विरार फास्ट पकडणं हा त्या कबुतरावर अन्याय आहे. स्प्रिंगचा ससा मिळतो, दाबला की चपटा, सोडला की उडी मारतो, मुलं खऱ्यापेक्षा जास्त हसतात.

आगीचे आयटम, फ्लॅश पेपर (पेटवला की भपकन जळून जाणारा कागद) वगैरे नवख्यांनी नकोच. मंडपात सगळीकडे कापड असतं, आणि ज्वलनशील वस्तू लोकलमधून किंवा मेट्रोमधून नेता येत नाहीत.

आता जरा महत्त्वाचं. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली त्याच वर्षी आला. करमणुकीची जादू हा त्याचा विषय नाही, अंगात शक्ती आहे म्हणून लोकांना लुबाडणं हा आहे. पण आपण कोणत्या बाजूला आहोत हे शोमध्येच सांगून टाका, सुरुवातीलाच: "ही हातचलाखी आहे, सराव केला की तुम्हालाही येईल." शो झाल्यावर कोणीतरी बाजूला घेऊन विचारतंच की हरवलेली चेन सापडेल का, मुलाचं अभ्यासात लक्ष लागेल का. हसून नाही म्हणा, गंमत म्हणूनसुद्धा अंगारा देऊ नका. अंनिसचे कार्यकर्ते पाण्याने दिवा पेटवणं, नारळातून करणी काढणं असले प्रयोग करतात आणि मग त्यामागची ट्रिक समजावतात. त्यांचा कार्यक्रम जवळपास असेल तर बघून या. कोणते प्रकार आपण "चमत्कार" म्हणून दाखवायचे नाहीत ते कळतं, आणि गावच्या प्रेक्षकांना कसं बांधून ठेवायचं तेपण.

८. पैसे आणि कागदपत्रं

रेट सांगताना फक्त शोची पस्तीस मिनिटं मोजू नका. जाणं, येणं, मांडणं, आवरणं, फुगे-दोर-कागद संपतात ते, म्हणजे रविवारची अख्खी संध्याकाळ गेली. घरगुती वाढदिवसाला एक रेट, शाळेला कमी, कंपनीला जास्त, आणि फुग्यांचे वेगळे. "एक्स्पोजर मिळेल" म्हणणाऱ्यांना नमस्कार करा, सोसायटीच्या गणपतीला मात्र पहिल्या वर्षी बिदागी कमी घेतली तरी चालतं, तिथे बसलेल्या चाळीस घरांत वर्षभर वाढदिवस असतात.

निम्मा ॲडव्हान्स घेतल्याशिवाय तारीख धरू नका, आणि तारीख, वेळ, जागा, रक्कम व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. इव्हेंटवाल्यांमार्फत काम आलं तर पैसे कधी मिळणार ते आधी विचारा, माझा एका इव्हेंटवाल्याचा डिसेंबरचा चेक होळीनंतर आला होता.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

- पॅन. कंपन्या टीडीएस कापून पैसे देतात, पॅन दिला नाहीत तर सरळ वीस टक्के कापतात. कापलेला टीडीएस रिटर्न भरला तर हिशोबात मिळतो.
- बँक खात्याचा कॅन्सल चेक आणि यूपीआयचा छापलेला क्यूआर.
- साधं बिल, नंबर टाकलेलं. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावू नका.
- आधार किंवा दुसरं ओळखपत्र, गेटवर आणि शाळेत मागतात.
- उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) केलीत तर उत्तम, सरकारी साईटवर फुकट होते. हजार-दोन हजार मागणारे एजंट भेटतील, देऊ नका.

९. पावसाळा

जून ते सप्टेंबर पत्ते फुगतात, एकमेकांना चिकटतात, आणि नेमके तेव्हाच गणपतीचे शो असतात. हवाबंद डब्यात ठेवा, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. चिकटलेल्या पत्त्यांना झिंक स्टिअरेटची पावडर बोटाने जराशी लावली की परत सरकतात, टाल्कम पावडर नको, गुठळ्या होतात. रिंगा पुसून कापडात गुंडाळा, गंजलेला एक ठिपका असला तरी मुलं बोट दाखवतात की "इथून उघडते!" स्पंज बॉल दमट राहिले की वास येतो आणि नंतर तुकडे पडतात, ते दर सीझनला नवीनच घ्या. दोर आणि रुमाल शो झाल्यावर ओले बॅगेत कोंबू नका, घरी आल्या आल्या पंख्याखाली टाका. आणि बॅगेला वरून प्लास्टिकचं कव्हर पाहिजेच, छत्री असली तरी स्टेशन ते रिक्षा एवढ्यात सगळं भिजतं.